तंबूबाहेर रडण्याआधी

नारिन, ३ ऑक्टोबर २०११

ती. एर्मेकदादास,
सलाम वि. वि.

घडलं ते क्रमाने लिहिते.

१. शुक्रवारपासून बाबांचं पोट जास्त दुखतंय.
२. आज हॉस्पिसच्या नर्स झूराताई आल्या. मॉर्फिनच्या गोळ्या पाहिल्या, तर नको तितक्या उरलेल्या.
३. आई दर वेळी अर्धीच देत होती. बाकीच्या अर्ध्या पुढच्या वाईट दिवसांसाठी पिठाच्या डब्यात ठेवत होती.
४. बाबांनी विचारलं, अल्सरला कसले वाईट दिवस?
५. मी सांगितलं, कर्करोग आहे, यकृतापर्यंत गेलाय.

बोलायचं नाही, अल्सरच सांगायचं, हे तू ठरवलं होतंस. मोडलं मी, आईने नाही.

बाबा हसले. म्हणाले, जूनपासून माहीत आहे, पण तुझी आई घाबरेल म्हणून अल्सरची ती अळणी लापशी गिळतोय. आई भडकली. म्हाताऱ्या, मग मिठावरून रोज माझं डोकं कशाला खाल्लंस, म्हणाली. मग रडली. झूराताईंनी तिच्या हातून पूर्ण गोळी द्यायला लावली. म्हणाल्या, संपली तर आणून देणं माझ्याकडे लागलं, आज दुखू न देणं तुमच्याकडे. जाताना आईला विचारलं, तुम्ही शेवटच्या कधी झोपलात? हे तिला या घरात कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

फोन बाबांच्या उशाशी असतो, म्हणून पत्र.

तुझी,
बेर्मेत

सुरगुत, ९ ऑक्टोबर

चि. बेर्मेतस,
आशीर्वाद वि. वि.

वीजकेंद्रात मीटर वाचतेस, तसंच घरी वाचलंस. आजारी माणसाची आशा अशी तोडतात? रिपोर्ट चुकला होता म्हणून सांग. झूराबाईंनाही तसंच बोलायला लाव.

आत्ता सुटी मागितली तर माझी इथली नोकरी गेलीच. वेळ येईल तेव्हा येईन. माणूस गेल्यावर अंगणात तंबू उभारला की थोरल्या मुलाने दाराबाहेर काठीवर वाकून मोठ्याने रडायचं असतं. ते मी चुकवणार नाही, लोकांना बोलायला जागा ठेवणार नाही. आईला जप.

रागावलोय, तरी तुझाच,
एर्मेक

नारिन, १६ ऑक्टोबर

ती. दादास,
सलाम वि. वि.

तुझं पत्र बाबांनी मागितलं. मी दिलं. वाचून म्हणाले, आवाज मोठा आहे त्याचा, सगळी गल्ली ऐकेल. मला तेवढं ऐकू येणार नाही. त्याला म्हणावं, आत्ता आत ये, चहा पी.

पूर्ण गोळीने ते थोडं जेवतात, बोलतात. मंगळवारी त्यांनी आईजवळ, जाण्याआधी मागतात तशी, रीतसर माफी मागितली: कधी दुखावलं असेल तर सोड, माझ्यावर राजी हो. आई म्हणाली, राजी आहे, फक्त तुझ्या बहिणीच्या लग्नात बोललास ते सोडून. बाबा म्हणाले, तेही सोड की गं. तिने सोडलं. मी स्वयंपाकघरात होते. दार लावून घेतलं.

झूराताई आल्या की आईला दोन तास बाहेर पाठवतात. ती कुठेच जात नाही. फाटकाबाहेर उभी राहते, दोन तास झाले की आत येते.

आता फक्त तुझं राजी होणं राहिलंय. बाबा ते फोनवर मागणार नाहीत. झूराताईंचा अंदाज महिनाअखेरचा आहे, कदाचित त्याआधी. तुझं उत्तर, जे असेल ते, मी बाबांना तसंच सांगणार आहे.

लोभ कमी करू नकोस. येतोस की नाही, ते माझ्या वीजकेंद्राच्या फोनवर सोमवार, २४ तारखेपर्यंत कळव.

बेर्मेत