नापास करायला नेलेला मुलगा

सुवोन, पानगळ संपता संपता

तीर्थरूप ताईच्या दोन्ही गुडघ्यांना (डावा सुधारला असेल तर उजव्याला जरा जास्त) तुझ्या धाकट्या गी-थेचा वाकून नमस्कार.

मोक्पोहून तू पाठवलेली सुकी मासळी पोचली. अर्धी यून-सोलने दोन दिवसांत फस्त केली, उरलेली मी पुस्तकांच्या कपाटात इतिहासाच्या जाड ग्रंथांमागे दडवली आहे, कारण तिकडे या घरात कोणी फिरकत नाही. माझी प्रकृती ठणठणीत आहे. कंबर, पचन आणि झोप एवढं सोडलं तर तक्रार म्हणून नाही. कंबरेचं कारण पुढे येईलच. तुझ्या जुईसारख्या नाजूक (असं भावोजी म्हणायचे, मी नव्हे) तब्येतीला थंडी सोसत नाही, तेव्हा पहाटे बंदरावर मासळीचा भाव करायला जाणं बंद कर. कोळणी तुझ्याशिवाय भांडायला दुसरं कोणी शोधतील.

तुला ठाऊकच आहे की आपली यून-सोल वर्षभर एका मुलाचं नाव घेऊन बसली आहे. नाव गुम जे-हा, वय एकतीस, धंदा कुत्र्यांचे कपडे शिवण्याचा. मी चुकून लिहिलेलं नाही. सणासुदीला घालायचा रेशमी झगा, त्यावर बंडी, डोक्याला टोपी, सगळं कुत्र्यांसाठी. उभा जन्म पोरांना इतिहास शिकवण्यात घालवला, आणि आता माझा जावई शेपटीसाठी कुठे भोक ठेवायचं याचा विचार करत बसणार. शिवाय पहिल्या भेटीतच मला 'बाबा' म्हणून मोकळा झाला. मी बजावलं, अजून तशी वेळ आलेली नाही, 'गुरुजी' म्हणायचं. तर लगेच 'बरं गुरुजी' म्हणाला. चिडतसुद्धा नाही. अशा माणसाशी भांडायचं कसं? म्हणून मी पोरीला सांगितलं, याला तीन दिवस माझ्याबरोबर आन्दोंगकडे पाठव. जुनी विद्यालयं, नदी, कडे दाखवतो, जुन्या वळणाच्या घरात मुक्काम करतो. तिथे माणसाचं पाणी कळतं. ती म्हणाली, "चालेल बाबा, पण परत आल्यावर उत्तर एका शब्दात द्यायचं." मी आनंदाने कबूल केलं. ('नाही' हा एकच शब्द आहे, हे मी आधीच बघून ठेवलं होतं.)

पहिल्या दिवशी नदीकाठच्या जुन्या विद्यालयात नेलं. जिथे विद्वान लोक समोरचा डोंगर न्याहाळत श्लोक रचायचे, त्या लांब लाकडी मंडपापुढे मी त्याला उभा केला आणि वरच्या पाटीवरची चिनी अक्षरं वाचायला सांगितली. त्याने शांतपणे फोन काढून पाटीकडे धरला आणि म्हणाला, "गुरुजी, हा म्हणतोय इथे उशिरा आलेल्यांनी डोंगराकडे बघत बसावं." अर्थ जवळपास बरोबर होता, पण मी गुण दिले नाहीत. पूर्वजांच्या देवळीपुढे जोडे काढले तर मोज्यांवर आखूड पायांची कुत्री. तेही टिपून ठेवलं. एकूण परीक्षा माझ्या मनासारखी चालली होती.

दुसऱ्या दिवशी कड्याखालच्या वाळूत त्या कड्याचं वर्णन करताना (कडा नीट दिसावा म्हणून मी एकेक पाऊल मागे सरकत होतो, मास्तरकीची सवय) मी कमरेएवढ्या नदीत बसलो. पडलो नाही, बसलो. पाणी इतकं गार होतं की माझं वाक्य अर्धवट राहिलं, आणि वर्गात असं कधी झालं नव्हतं. पोरगा मोज्यांसकट आत आला आणि मला पाठीवर घेऊन बाहेर निघाला. आला हे खरं, पण हसत आला, हेही खरं. कंबरेचं दुखणं ते इथलं. माझी दुसरी विजार मुक्कामाच्या पेटीत, आणि पेटी त्याच्या गाडीत सगळ्यात खाली, कपड्यांच्या गठ्ठ्यांच्या तळाशी. तेव्हा त्याने स्वतःची झोपायची विजार दिली. त्यावरही कुत्री होती. मला वाटतं त्याच्याकडे कुत्री नसलेलं काही नाहीच.

अशा वेशात मी गुमांच्या थोरल्या घरी पोचलो. ते घर मी मुद्दाम निवडलं होतं. मालक गुम ग्योंग-मान, ऐंशी उलटलेले, रीतभात म्हणजे जीव की प्राण. एक पाहुणा पाय पसरून बसला म्हणून त्यांनी त्याला भरल्या ताटावरून उठवलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. विद्यार्थ्यांच्या सहली घेऊन मी तिथे कितीदा गेलो असेन. माझा हिशोब सरळ होता, की आडनाव एकच आहे, म्हातारा पोराला घराण्याचं विचारणार, पोराला काही सांगता येणार नाही, आणि माझं काम आयतं होईल. दारात गेलो तर म्हाताऱ्याने मला ओळखलं नाही. माझ्या विजारीकडे बघून नजर सभ्यपणे दुसरीकडे वळवली आणि पोराला विचारलं, कुठले गुम, कुठली शाखा, वडिलांचं नाव काय, आजोबांचं काय. पोराने सगळं धडाधडा सांगितलं. (लहानपणी आजोबा चुकल्यावर टपली मारून पाठ करून घ्यायचे म्हणे.) म्हाताऱ्याच्या हातातला खराटा खाली आला. ओठ हलवत त्यांनी पिढ्या मोजल्या, टोपी नीट केली, पोराला ओसरीवर बसायला लावलं आणि त्याच्यापुढे जमिनीला कपाळ टेकून म्हणाले, "आजोबा, कळवलं असतं तर वेशीपर्यंत आलो असतो."

तुला वेगळं सांगायला नको, हे आपल्याकडे होतंच. थोरल्या घरात पहिल्या पोराला लवकर पोर होतं, त्याच्या पहिल्याला त्याहून लवकर, म्हणून तिथल्या पिढ्या घोड्यावर बसून पुढे जातात. धाकट्याच्या धाकट्या घरात शेंडेफळाला उतारवयात शेंडेफळ होतं, आणि पिढ्या रांगत राहतात, म्हणून वयाने लहान माणूसही नात्याने आजोबा ठरतो. हा आमचा कुत्र्यांचा शिंपी अशा सात शेंडेफळांच्या शेवटी निघाला. तो बिचारा लालभडक होऊन "अहो उठा, उठा" करत स्वतःच जमिनीला कपाळ टेकून पडला. आधी कोणी उठायचं हे दोघांनाही कळेना. मी खांबाला टेकून उभा होतो. मग म्हाताऱ्याने विचारलं, "हे सोबत कोण?" पोरगा म्हणाला, "माझे गुरुजी." माझाच हुकूम. जेवणात चुलीकडची उबदार जागा आजोबांना, त्यांच्याजवळ मालक, आणि मी दाराच्या फटीपाशी.

जेवणाची गंमत तर विचारू नकोस. खारवलेला बांगडा असा खरपूस भाजलेला की वासानेच पोट हाका मारायला लागलं. पण थोरांनी चमचा उचलल्याशिवाय धाकट्यांनी उचलायचा नाही. मालक आजोबांकडे बघताहेत, आजोबा माझ्याकडे बघताहेत (शेवटी मुलीचा बाप मी), आणि मी ऐंशीच्या माणसाआधी चमचा कसा उचलू, म्हणून मालकांकडे बघतोय. सूप निवलं. शेवटी मालकीणबाई आत आल्या आणि म्हणाल्या, "तिघांनी एकदम उचला, नाहीतर बांगडा मांजराला घालते आणि मांजराला आजोबा म्हणते." तेव्हा कुठे जेवण सुरू झालं. मग कडक सोजूची बाटली आली. थोरांसमोर पिताना तोंड फिरवून प्यायचं, हे आपण बाबांपुढे करतच आलो. पोरगा माझ्यापासून तोंड फिरवून प्यायला, मालक त्याच्यापासून, मी मालकांपासून. तीन माणसं तीन भिंतींकडे तोंड करून पीत बसलेली. माझ्या भिंतीला एक छोटासा कोळी होता, त्याच्याशी माझी चांगली ओळख झाली.

दोन पेले झाल्यावर मालकांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच अदबीने विचारलं, आजोबांचा उद्योग काय? मी मनात म्हटलं, आला बघ माझा क्षण. पोराने खरं ते सांगितलं. मालकांनी भिंतीकडेच मान डोलावली. मग म्हणाले, "बरोबर आहे. थंडीत त्यांना गारठा लागतच असणार." पूर्वजांच्या नावाने सांगतो ताई, तेव्हा मला त्या घराण्याचा राग आला. मग त्यांनी विचारलं, आजोबांचं लग्न?

"ठरत नाहीये. मुलीच्या वडिलांचा होकार नाही."

"कोण तो मूर्ख?" मालक म्हणाले. "गाव सांगा. मी उद्या पागोटं घालून जातो."

मी पेला खाली ठेवला. वाटलं, आता हा कार्टा माझ्याकडे बोट दाखवणार, आणि मी त्या विजारीत रांगत बाहेर जाणार. पोरगा म्हणाला, "मूर्ख नाहीत हो ते. चांगले आहेत. बायको गेल्यापासून मुलगीच काय ती घरात. ती गेली की संध्याकाळी दिवा कोण लावणार, हे त्यांना म्हणवत नाही, म्हणून माझ्या चुका मोजतात. मी पण मुद्दाम करतो एखादी, तेवढाच त्यांचा वेळ जातो."

ताई, भिंतीकडे तोंड करून बसायची रीत ज्याने काढली त्याचं भलं होवो. मी बराच वेळ वळलोच नाही. खरं सांगतो, इतकं वाईट मला तुझी भावजय गेली तेव्हापासून वाटलं नव्हतं, आणि इतकं बरंही. मालकांनी विचारलं, गुरुजींना काय झालं? पोरगा म्हणाला, "त्यांना कोळी आवडतात."

तिसऱ्या दिवशी आम्ही कुठे गेलो ते नीट आठवत नाही. एक विहार, पिवळ्या पानांचं एक भलंमोठं झाड. मी एकही प्रश्न विचारला नाही, आणि पोराने दोनदा "गुरुजी, बरं नाही का?" म्हणून विचारलं. निघताना मालक वेशीपर्यंत आले, त्याच्यापुढे वाकले, आणि मला हळूच म्हणाले, "आमच्या आजोबांना नीट शिकवा. मुलगा भाबडा आहे." घरी आल्यावर यून-सोलने दारातच विचारलं, "बाबा, एक शब्द?" मी म्हणालो, "थकलोय." तोही एकच शब्द, पण तिने मान्य केला नाही.

भाचेमंडळींना आशीर्वाद. कंबर शेकतो आहे.

तुझा,
गी-थे

ता. क. : पत्र खरं यासाठीच लिहिलं. वर्षभर मी या घरात 'नाही, नाही' असा घोष केला आहे. आता अचानक 'हो' म्हटलं तर पोरगी जन्मभर हसेल. तेव्हा तू मला एक खरमरीत पत्र लिही. 'गाढवा, मुकाट्याने लग्न लावून दे, नाहीतर माझ्या दारात येऊ नकोस' असं काहीतरी. तुला ते जमतं. मी ते तिच्यासमोर मोठ्याने वाचीन, दोन उसासे टाकीन, आणि थोरल्या बहिणीपुढे माझं काय चालणार म्हणून होकार देईन. रीत म्हणजे रीत.

दुसरं ता. क. : जरा लवकर. लग्नाचं कार्यालय मी कालच बघून आलो आहे, आणि ते लोक तारीख धरून ठेवायला तयार नाहीत.

तिसरं ता. क. : येताना गाडीत तो म्हणाला, दुकानाच्या वरचं घर घेतोय, त्यात दक्षिणेच्या खिडकीची एक खोली जास्तीची आहे, तुम्ही याल का? मी ताठ मानेने म्हटलं, रस्त्याकडे बघून गाडी चालव. तो 'बरं' म्हणाला आणि पुन्हा विचारलं नाही. हल्लीच्या मुलांना आग्रह करता येत नाही. तेव्हा त्याच पत्रात त्याचीही आज्ञा घालून टाक. चांगली दरडावून घाल, म्हणजे मला लगेच ऐकता येईल.