तुझ्या वजनाची वाळू

चिंचवड स्टेशन,
१४ जानेवारी १९८०

प्रिय जयसिंगदादा,

जयभीम. तुझं नाशिकहून टाकलेलं पत्र शनिवारी मिळालं. आईला वाचून दाखवलं, पण शेवटचा मजकूर गाळला. तळेगावच्या मुलाकडच्यांना तू परस्पर कळवून टाकलंस की कस्तुरा आता टायरला हात लावत नाही, घरी असते, शिवणकाम करते. दादा, मी शेवटचं शिवलं ती एका ट्रकची ताडपत्री, आणि तीसुद्धा वाकडी. दोन दिवस रागानं पेन हातात धरलं नाही. राग अजून गेलेला नाही, पण अक्षर सरळ यायला लागलंय, म्हणून बसले.

दुकान चांगलं चाललंय. गाडी एका बाजूला ओढते म्हणून येणारा माणूस अजूनही आधी दुकानात पुरुष शोधतो. मी शोधू देते. त्याला कोणी सापडत नाही तोवर मी त्याच्या गाडीखाली गेलेली असते. आईचे गुडघे दुखतात, तरी दुपारी स्टुलावर येऊन बसते आणि गिऱ्हाइकांना मी काय करतेय ते समजावून सांगते, बहुतेक चुकीचं.

तुला आठवतं, आबांनी आपल्याला एकाच दिवशी शिकवलं होतं. गाडीच्या दोन्ही अंगांनी सुतळी ताणायची, रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून सुतळीपर्यंतचं अंतर मोजायचं. रस्त्यावरच्या गाडीची पुढची चाकं किंचित आत वळलेली हवीत. शर्यतीच्या गाडीची सूतभर बाहेर, म्हणजे वळण आलं की ती लगेच तोंड फिरवते. तू दोनदा मोजून कंटाळलास आणि स्टिअरिंगवर जाऊन बसलास. आबा रागावले नाहीत. चालवणारा आत बसल्याशिवाय माप खरं येत नाही, तेव्हा बस तिथंच, म्हणाले. तेव्हापासून तू आत आणि मी खाली. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. खरंच वाटलं नाही, कारण माप माझं होतं.

पुढे तू कंपनीत लागलास आणि तुझी शिफ्ट माझ्या कामाच्या वेळेत यायला लागली. मग मी तुझ्याऐवजी वाळू बसवली. पवनेची वाळू, दोन पोत्यांत मिळून अडुसष्ट किलो, छबूबाईच्या दुकानातल्या काट्यावर तोललेली. सदाशिवरावांची फियाट शर्यतीसाठी मी दर वेळी त्या पोत्यांवरच लावली. भोसरीत प्रेसशॉप चालवणाऱ्या त्या माणसानं स्वतःची हौस तुझ्या हातात दिली, आणि चाकं माझ्या हातात. तू जाड झालास की मी ओंजळभर वाळू वाढवायची. तुला कधी सांगितलं नाही.

आता गेल्या वर्षीची मद्रासची शर्यत. तू कधी विषय काढत नाहीस, तर मीच काढते. पुढच्या टायरमध्ये मी सकाळी थंड असताना बत्तीस पौंड हवा भरली होती. सराव झाला, टायर तापले, हवा सदतीसवर गेली. तेवढी जाणार हे धरूनच मी बत्तीस भरली होती. मी जेवणाचे डबे आणायला गेले आणि माझ्या अपरोक्ष तू हवा मोजायचं गेज लावलंस. कस्तुरानं जास्त हवा भरली असं तुला वाटलं आणि तू पाच पौंड सोडून दिलीस. मला विचारायला थांबला नाहीस. मग जेवणाच्या सुट्टीत गाडी दोन तास उभी राहिली, टायर थंड झाले आणि हवा सत्तावीसवर आली. मी रिकामे डबे देऊन परत आले तेव्हा गाड्या रेषेवर उभ्या होत्या, आणि तू खिडकीतून मोठ्या तोऱ्यात मला सांगितलंस, "तुझी चूक मी सुधारली." मी पंप घेऊन धावले. तोवर झेंडा पडला होता.

सहाव्या फेरीत तू पहिला होतास. उजवं वळण आलं आणि गाडी वळलीच नाही, सरळ पिंपांमध्ये घुसली. तुझं गळ्याचं हाड मोडलं. दवाखान्यात सदाशिवरावांनी काय झालं म्हणून विचारलं, तर तू डोळे मिटून एवढंच म्हणालास, "हवा चुकली." कोणाची, ते तू सांगितलं नाहीस, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तू उशीवर असा पडला होतास की मला शेवटच्या आजारातले आबा दिसले, आणि मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला वर्षभर पुरलं. भावाला पाडणारी ती हीच, असं माझ्याच दुकानात, माझ्या देखत बोललेलं मी ऐकलंय. तू नाशिकला निघून गेलास, तुला ते कोण ऐकवणार!

त्या उजव्या वळणावर सगळा भार घेतलेला पुढचा डावा टायर मात्र मी टाकून दिला नव्हता. शर्यतीआधी टायरच्या खांद्यावर मी खडूची रेघ ओढते, हे तुला ठाऊक आहे. हवा बरोबर असेल तर खडू कडेपर्यंत पुसला जातो आणि तिथंच थांबतो. त्या टायरवर तो कडेच्याही खाली बोटभर पुसला गेला होता, म्हणजे वळणावर टायर पार दुमडला होता. दिवाळीनंतर सदाशिवराव दुकानात आले तेव्हा मी तो खिळ्यावरून काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी खडूवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, गाडी पुन्हा लावायला घे. चालवणार कोण ते मीही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

गाडी आली. मी सवयीनं तुझी पोती उचलून सीटवर ठेवायला लागले. आई स्टुलावरून बघत होती. म्हणाली, "त्याच्या वजनाची वाळू किती दिस उचलशील गं? तू काय बिनवजनाची हायेस?"

दादा, मी ती पोती खाली ठेवली. चाचणीसाठी गिऱ्हाइकांच्या गाड्या मी किती वर्षं चालवतेय, लायसन्स आहे, सगळं आहे. गेल्या गुरुवारी कारखान्यांना सुट्टी होती, तेव्हा भोसरीच्या मोकळ्या रस्त्यांवर पिंपं मांडून मी फियाट पळवली. मी सत्तेचाळीस किलोची, खडू कडेपर्यंत पुसलाच जाईना. टायर थंड करून एक पौंड हवा सोडली, गाडी पुन्हा पळवली, टायर पुन्हा थंड केले, आणखी एक पौंड सोडली. तिसऱ्या खेपेला खडू बरोबर कडेवर थांबला. सदाशिवरावांनी घड्याळ माझ्यापुढे धरलं. याच रस्त्यांवरच्या तुझ्या सगळ्यांत चांगल्या वेळेइतकीच वेळ होती. मी रडले, आणि लाजले नाही.

हे पत्र मी त्यासाठी लिहितेय. ३ फेब्रुवारीला मद्रासला ती फियाट मी चालवणार आहे. अर्जावर माझं नाव लागलंय. तळेगावलाही आज सकाळी मीच कार्ड टाकलं, की मुलगी टायरला हात लावते, शर्यतीची गाडी चालवते, आणि हे चालत असेल तरच बघायला या. तू कळवलेलं खोटं मी एवढंच दुरुस्त केलं. तुझी चूक चारचौघांत सांगायची की नाही हे तुझ्यावर सोडते, पण माझ्यावर ती यापुढे मी राहू देणार नाही. आणि तुझ्यावर माझी माया आहे, ती या भांडणानं रतीभरही कमी झालेली नाही. म्हणून सांगते, ये. मी आत बसल्यावर खाली सुतळी धरायला आबांच्या हाताखाली शिकलेलं माणूस हवंय, आणि तसं जगात दुसरं कोणी नाही. फक्त तापलेल्या टायरला हात लावायचा नाही. तुझी वाळू मी दुकानासमोरच्या खड्ड्यात ओतली आहे. येशील तेव्हा तिच्यावरूनच ये.

तुझीच,
कस्तुरा