तुमच्या नावाची ओळ

उस्ताद, तुमच्या कबरीचा दगड मलकपेठला कारागिराकडे तयार पडलाय आणि त्यावर उर्दूत कोरायचं तुमचं नाव मी अजून लिहिलेलं नाही. तुमची मुलगी संध्याकाळी कागद न्यायला येणार आहे. इतकी वर्षं तुमच्या उशाशी नुसता कोरा दगड होता. आता कबरस्तानात जागा उरली नाही, बिननावाच्या कबरी पुन्हा खणतात, असं कानावर आल्यापासून तिच्या जिवाला घोर लागलाय. कारागीर तिला म्हणाला, "इत्ता कायकू परेशान होते आपा, कंप्यूटर से निकाल लेव." कंप्यूटर! ज्याच्यामुळे लोकांनी हातानं लग्नपत्रिका लिहून घेणं सोडलं आणि तुमच्या दुकानाला कुलूप लागलं, त्याचीच अक्षरं तुमच्या डोक्याशी! ती तडक माझ्याकडे आली. "अब्बा का हात अब तुमारेच पास है बाई," म्हणाली. मी हो म्हणून बसले. हिवाळ्यापासून माझा हात कापतो, हे मात्र तिला सांगितलं नाही.

वडिलांनी मला नल्लकुंट्याहून तुमच्याकडे आणलं तो दिवस आठवतो. ते स्वतः उर्दू शाळेत शिकलेले, सुंदर अक्षराचे वेडे. तुम्ही चटईवर बसलेले असता, गुडघ्यावर कागद. मी तुमचा वेळूचा कलम उचलते आणि शाळेत बोरू चालवायचे तसं ऐटीत माझं नाव मराठीत, डावीकडून उजवीकडे, लिहून दाखवते. तुम्ही कलम काढून घेता. "इस कलम कू एकिच तरफ चलने देव. उल्टा चलाए तो नोक बिगडती उसकी." वडील शेजारी, मला रडू फुटायच्या बेतात. मग कित्येक दिवस लिहिणं नाहीच, नुसते कलम तासायचे. तासलेल्या ढलप्या तुम्ही वेचून डालड्याच्या डब्यात भरत होतात. कचरा कशाला जपता म्हणून मी हसले, तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मेरेकू आखरी बार नहलाएंगे ना, वो पानी इसीच पे गरम करना." हातानं सुंदर लिहून देणाऱ्या जुन्या कातिबांची रीत होती ती. तुम्ही गेलात तेव्हा मी गल्लीत बायकांमध्ये उभी होते आणि अंगणातून धूर आला. त्या धुराला तुमच्या दुकानाचा वास होता.

आज सकाळपासून कागदांचा ढीग फुकट घालवलाय. लहान अक्षरं कशीबशी उतरतात. पण तुमच्या नावातली ती लांब आडवी ओढ आली, की मध्यावर हात दगा देतो. एकदा तर इतकी चिडले की शाईची दौतच लवंडली. हात तुमचा नव्हेच, माझाच आहे, आणि तो म्हातारा झालाय. मला भीती वाटते उस्ताद. मी हरले तर तुमच्यावर छापील नाव येईल, नाहीतर कुणाची तरी कुदळ येईल. मन जरा थाऱ्यावर यावं म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

खाली स्कूटर थांबली. तीच असणार. आता आधी तिला हात दाखवणार आणि मग तिच्यासमोरच लिहिणार. ओढ कापरी आली तर कापरीच कोरू देत. निदान तुमच्याकडे शिकलेल्या माणसाची असेल.

हे पत्र मी तुम्ही दिलेल्या कलमानंच लिहिलं, मराठीत, उलट्या बाजूनं. नोक बिघडलीय. दुसरी काढावी लागेल. आणि एक, जे घरात कुणालाच ठाऊक नाही. माझ्या कपाटातही एक डबा आहे, ढलप्यांनी भरत आलेला. आमच्यातही शेवटच्या आंघोळीला पाणी तापवतात. हा कागद त्यातच ठेवतेय.