‘दुसरी’ मालकांना मिळू नये म्हणून

मी, खाली सही करणारी, घरात ताई आणि स्टुडिओत ‘खोडरबर’ या नावाने ओळखली जाणारी, व्यवसायाने चित्रकार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत टाचला आहे, कारण ते ठिकाणावर नाही असे म्हणणारे लोक या कागदात पुढे येणार आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आला होता, त्याच्याविरुद्धच हे लिहिले आहे.

उद्या मी हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होत आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मी घाबरण्यासारख्या नसलेल्या गोष्टींनाही घाबरते. शिवाय आमच्या घरात शाळा शिकलेली पहिली मी. तेव्हापासून वीजबिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत प्रत्येक कागद माझ्याकडूनच वाचून घेतला जातो. हा कागद दुसऱ्या कोणी लिहिला आणि त्यात चूक राहिली, तर मला मेल्यावरही चैन पडणार नाही.

१. घर वडिलांचे आहे. त्याबद्दल मी लिहिणे आगाऊपणाचे होईल.

२. बँकेतली शिल्लक आईला द्यावी. तिच्याच हातात द्यावी. ‘दादा बघेल’ असे म्हणू नये. दादाने बघितलेल्या वस्तू पुन्हा दिसत नाहीत.

३. मी घेतलेला फ्रीज वहिनीला द्यावा. तो आपण माहेरून आणला असे ती शेजारणींना सांगतेच. निदान तो तिचा आहे, एवढे तरी आता खरे होईल.

४. आता मुख्य मिळकत, म्हणजे ‘दुसरी’. ती माझी कशी, हे लिहिणे भाग आहे.

आमच्या स्टुडिओत ‘वावटळ’ नावाची कार्टून मालिका बनते. वावटळ ही वारा फिरवणारी महानायिका. छातीवर उजवीकडे फिरणारा भोवरा, उजव्या हातात हातमोजा. प्रत्येक चित्र तपासून पुढे पाठवणे हे माझे काम. काम वाचवण्यासाठी मालकांनी जुनीच चित्रे पालटून वापरायला सांगितली, म्हणजे डावीकडून धावत येणारी वावटळ फुकटात उजवीकडून येते. मी म्हटले, “मालक, भोवरा उलटा फिरतोय. हातमोजाही डाव्या हातात गेलाय.”

“पोरं काय भिंग घेऊन बसतात का? तू खोडरबर आहेस ना? मग खोड आणि गप्प बस.”

पोरे भिंगाशिवायच बसतात, पण त्यांना सगळे दिसते. ‘ही डावखुरी कोण?’ म्हणून त्यांची पत्रे आली आणि मालकांच्या तोंडचे पाणी पळाले. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी गोष्ट लिहून दिली: एका दुष्ट शास्त्रज्ञाने वावटळीच्या केसापासून हुबेहूब तिच्यासारखी मुलगी वाढवली, ती ही दुसरी. पुढे मालकांनी वर्तमानपत्राला सांगितले, की दुसरी त्यांना स्वप्नात सुचली. जेवल्यावर त्यांना झोप लागते हे खरे आहे. स्वप्नाचे मला माहीत नाही.

मालिकेत दुसरी दर भागात हरते आणि ‘मी फक्त नक्कल आहे’ म्हणून माफी मागते. ते वाक्य मी लिहिलेले नाही. नंतर एका प्रकाशक बाईंनी मला तिच्यावर चित्रकथा काढायला सांगितली. छापील चित्रकथा म्हणजे रद्दी, असे मालकांचे मत. “घे, तुलाच लखलाभ,” म्हणत त्यांनी दुसरीचे सगळे हक्क मला लिहून दिले. तो करार मी स्वतः लिहिला होता आणि प्रत्येक पानावर त्यांची सही घेतली होती. ते हसत होते.

माझ्या चित्रकथेत दुसरी कोणाची माफी मागत नाही. भाड्याच्या खोलीत राहते, पंखे दुरुस्त करते आणि डोक्यातल्या आठवणींपैकी आपल्या कोणत्या, वावटळीच्या कोणत्या, हे एकेक करून निवडते. ही रद्दी मुले दर महिन्याला रांगा लावून घेऊ लागली, तशी मालकांना ती परत हवीशी झाली. त्यांना मोठा सिनेमा काढायचा आहे. त्यात शेवटी दुसरी वावटळीत विरघळून जाते.

माझी शस्त्रक्रिया ठरल्याचे कळताच ते फळांची टोपली आणि तयार कागद घेऊन घरी आले. माझ्याशी बोलायचे सोडून वडिलांना म्हणाले, “लेक हुशार आहे हो तुमची, पण हट्टी. नक्कल अस्सलात विरघळली, की लोक कसे ढसाढसा रडतात!”

वडील म्हणाले, “विरघळायला ती काय साखर आहे?”

मी सही केली नाही. जाताना दारात मालकांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. “आज नाही तर नाही. देव न करो, पण काही झालंच, तर सही तूच करणार ना?”

“मग काय! घरातला मोठा मीच आहे.”

मी आतल्या खोलीत होते. फळे त्याच दिवशी परत पाठवली.

५. म्हणून स्पष्ट लिहिते: दुसरीवर दादाचा कोणताही हक्क नाही. त्याने कोठेही सही केली, तरी ती चालणार नाही.

६. चित्र उलटे करून तपासायचा माझा आरसा मालकांना द्यावा. उलट्या चित्रात चुका लगेच दिसतात. त्यांनी रोज त्यात तोंड बघावे.

७. दुसरी, तिचे सर्व हक्क, काचेखाली दिवा असलेले टेबल आणि कुंचले मी धाकट्या बहिणीला देत आहे. तिचा हात माझ्यापेक्षा मोकळा आहे. हे मी तिला आजवर सांगितलेले नाही. मात्र अटी अशा:

(अ) भोवरा डावीकडेच फिरावा.
(आ) हातमोजा डाव्याच हातात असावा.
(इ) हसताना दात दिसू नयेत.
(ई) केसांचे वळण माझ्या नमुना-चित्राबरहुकूम असावे.

इथवर लिहिले, तोवर धाकटी मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, “सगळं तुझ्यासारखंच काढायचं, तर मला कशाला देतेस? आरशालाच दे.”

“आरसा मालकांना दिलाय.”

“मग दुसरीही त्यांनाच दे. ते तिला एकदाच विरघळवतील. तू मला दर महिन्याला विरघळवशील.” आणि ती जिन्यात जाऊन बसली.

तिला माझे गणवेश मिळाले, माझी पुस्तके मिळाली, शाळेत ‘ताईसारखी हो’ हे ऐकायला मिळाले. घरात तिला हाक मारतानाही आधी माझेच नाव तोंडात येते.

८. कलम ७ मधील सर्व अटी मी रद्द करत आहे. धाकटीने दुसरीला हवी तशी काढावी. म्हातारी करावी, उजवखुरी करावी, नाहीतर काढूच नये. मारावीशी वाटली, तर तिने मारावी. मालकांनी नाही.

हे वाचून दाखवल्यावर धाकटी म्हणाली, “भोवरा मी काढूनच टाकणार आहे.” मला फार वाईट वाटले. तरीही हे कलम कायम आहे.

सही: ताई (खोडरबर)

आमच्यासमोर सही केली:
१. चष्म्याच्या दुकानातले काका
२. स्टुडिओतली रंगवाली; मालकांसमोरही हेच सांगायला तयार

स्थळ: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: दाखल होण्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी