मामा, बदामची दश्शी

कोन, ता. भिवंडी
एप्रिल २००७

खारबावचे मानकरी श्री. लडकूशेठ यांस,

तुमच्या बहिणीचा नवरा रामनाथ याचा कोनहून रामराम. आमच्याकडे सगळे खुशाल. तुमचे गुडघे कसे आहेत ते कळवा. (रागाची चौकशी करत नाही, तो ठणठणीत आहे हे निरोपावरून कळलं.) मी पाठवलेला खेळायच्या पत्त्यांचा नमुना परत आला आणि तुमचे शब्दही जसेच्या तसे पोचले, की ऋतिकाच्या लग्नाला मामा दुसरा बघा. अहो, मामा विकत मिळत असता तर धामणकर नाक्यावरून आणलाही असता. पण पोरीला हाताला धरून मांडवात आणायचं ते सख्ख्या मामाने, आणि तिला सख्खा मामा तुम्ही एकच. असो. मी मनधरणी करायला लिहीत नाही, तो माझा स्वभावच नाही. पत्ते कसे घडले एवढंच तुम्हाला कळावं म्हणून लिहितो.

हळदीला आपल्याकडे पत्ते बसतातच. पण दर हळदीला तेच दुकानातले कॅट, तीच मिशीवाली परकी राजेमंडळी! मी म्हटलं, देवाच्या दयेने गोदामाचं भाडं येतं, घरात कॉम्प्युटर आहे (आमच्या कुणालच्या अभ्यासाला घेतला होता, धूळ बसली होती, कॉम्प्युटरवरही आणि अभ्यासावरही), मग आपल्याच माणसांच्या चेहऱ्यांचे पत्ते का नकोत? लग्नपत्रिका छापणारा रघू आपल्या ओळखीचा. त्याने मला चित्रं जुळवायचं कोरल ड्रॉ दाखवलं आणि वर म्हणतो, काका, हे शिकायला महिने जातात. मला एक रविवार पुरला. म्हणजे लाईट होती तेवढा.

चुका झाल्या, नाही म्हणत नाही. पण नवशिक्याच्या मानाने फारच दर्जेदार चुका झाल्या. पहिला कॅट पत्रिकेच्याच कागदावर छापला. दिसायला झकास, पण उंची विटेएवढी, आणि पिसायला गेला तर रघूचं मनगट मुरगळलं. पाठीवर मी भक्तिभावाने एकवीरा आई घातली होती. ती बघून काशीआत्याने कपाळावर हात मारला (माझी आत्या, तिला चष्म्यातूनही माणूस ओळखू येत नाही, पण डावात कुणाला ऐकत नाही). म्हणाली, मेल्या, देवीला चटईवर आपटणार काय? म्हणून मग पाठीवर वेल काढली. पण कापताना ती कुठे वर, कुठे खाली गेली, आणि तीच आत्या पाठीवरून पत्ते ओळखून सगळ्यांना हरवायला लागली. आकडे मी चित्राच्या मधोमध ठळक घातले. हातात पत्ते पसरल्यावर फक्त कोपरा दिसतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! आणि दुकानातल्या राजाला दोन डोकी का असतात, याचा तुम्ही तरी कधी विचार केलाय? आमच्या राजाला एकच डोकं दिलं. पत्ते वाटले तर निम्मी भावकी शीर्षासनात. आमचे वडील असे उलटे टांगलेले पाहून तुमची बहीण सीता जेवली नाही. मग सगळ्यांना कमरेत कापून स्वतःलाच जोडलं. आता कसेही धरा, वडील सरळच.

पण खरा घाम फुटला तो मानापानाला. राजे चार आणि मानकरी मांडवभर. त्यात एक व्याही, त्यांना हात लावायची सोय नाही. काळी राणी व्हायला एकही बाई तयार होईना. शेवटी इस्पिकची राणी सीतेला केली (तिला अजून सांगितलेलं नाही). तुम्हाला मात्र मी सगळ्यांच्या वर ठेवलं, बदामची दश्शी! तुम्ही पडलात तीन पत्तीवाले, तिथे दश्शीला कोण विचारतो? तुम्ही म्हणे स्वतःला आधी राजांत शोधलंत, मग गुलामांत, आणि गुलामाच्याही खाली सापडलात तेव्हा कॅट फेकलात. पण आमच्या कोनात हळदीला मेंढीकोटच चालतो, शेठ. मेंढीकोटात राजे-राण्या नुसती हमाली करतात. ज्या बाजूने दश्शा जास्त ओढल्या ती जिंकली. सगळा मांडव तुमच्यासाठी भांडणार होता आणि तुम्ही रुसून बसलात! एवढा खोल विचार आमच्या भावकीत दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आला असता का? कल्पना, सांगायला हरकत नाही, शंभर टक्के माझी.

वहिनींना नमस्कार. पोराबाळांना आशीर्वाद.

आपला,
रामनाथ

ता. क. मनधरणी करत नाही, हे वर लिहिलंच आहे. तरी हळदीला सकाळीच गाडी पाठवतो. ती रिकामी परत आली तर मला या घरात तोंड दाखवायला जागा नाही, लडकूशेठ. हवं तर राजा करतो. व्याह्यांना काय सांगायचं ते मी बघतो.

ता. क. दादूस, मी सीता. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. कल्पना यांची न्हाय. यांनी तुला किल्वरचा गुलाम केलेला. बोलले, मेव्हणाच हाय, चालतंय. ऋतिकाने बघितलं आणि स्वतः बसून तुला दश्शीवर घेतला. बोलली, दश्शी आपल्याकडे आली का कसं ओरडायला होतं, तसं मामा दारात आला का मला व्हायचं. तुझा निरोप पोरीने ऐकला. काल एवढंच बोलली, मामा न्हाय आला तर मी एकटी चालत येईन मांडवात, दुसऱ्या कुणाचा हात नको. आणि ती येईल दादूस, तुझीच भाची हाय. तर हळदीला ये. आल्यावर यांना काय बोलायचं ते बोल, मी मध्ये पडणार न्हाय.