एकच ओळ, तीनदा

प्रिय अक्का,

सलाम. तुमच्या कबरीचा दगड काल पंचकमिटीने अडवला, म्हणून लिहायला बसले. एरवी तुम्हाला पत्र कशाला लिहिलं असतं? एकाच ओट्याच्या दोन टोकांना आपण दोघी जावा नांदलो. काही सांगायचं झालं की मी इकडून हाक मारायची आणि तुम्ही तिकडून ‘आले गं’ म्हणायचं. आता हाक मारून उपयोग नाही आणि माझा राग तर पोटात मावत नाहीये.

झालं असं. वर्षाच्या आत दगड बसवायचा असं घरात ठरलं होतं. मंचरच्या फरशीवाल्याला मी मजकूर नेऊन दिला. तुमचं नाव, मुक्काम अवसरी बुद्रुक, आणि त्याखाली तुमची ओळ, ‘प्रभू येशू, दया कर.’ एकाखाली एक, तीनदा. फरशीवाला म्हणाला, “ताई, चुकून तीनदा लिवलंय जणू.” मी म्हटलं, चुकून नाही, तसंच कोरा. त्याने मान डोलावली आणि कागद खिशात घातला. परक्या माणसाला अडचण नव्हती, अडचण आपल्याच मंडळीला आली.

कबरस्तानात दगड बसवायचा तर चर्चच्या पंचांची परवानगी लागते. थोरले पंच म्हणजे आपले मास्तर. शाळेतून रिटायर झाले, पण हातातली छडी अजून सुटलेली नाही. मजकुराची नक्कल वाचून म्हणाले, “ओळ चांगली आहे. एकदाच लिहा. तीनदा म्हणजे जप झाला, आणि आपल्यात जप नसतो.” मग चष्मा काढून हळूच म्हणाले, “त्यांची माहेरची सवय शेवटपर्यंत गेली नाही बघा.”

माहेरची सवय! अक्का, तुम्ही असतात तर हसला असतात आणि त्यांना चहा विचारला असतात. मला ते जमत नाही.

तळेघरच्या वरच्या अंगाला तुमचं माहेर. एसटी कधीतरी यायची, बाकी सगळी पायपीट. डोक्यावर नाचणीचं गाठोडं घेऊन चढ चढताना आईने काय शिकवलं होतं, ते तुम्ही मला किती वेळा सांगितलंत. “चढाला बोलायचं न्हाई. एका श्वासाला देवाचं एक नाव. दम लागत न्हाई आन् वाट बी सरती.” लग्न होऊन तुम्ही ह्या घरात आलात, बाप्तिस्मा झाला, हौसाची हन्ना झालात. कागदावर. घरात तर सगळ्यांची अक्काच. नवा देव तुम्ही मनापासून घेतलात. पण जुना श्वास कुठे टाकून द्यायचा असतो का? छाती तर तीच होती ना?

मास्तरांना हे माहीत नाही असं नाही. पण विलास गेल्यानंतरचं त्यांना काय माहीत असणार?

हायवेवर मोटारसायकल घसरली आणि तुमचा एकुलता एक पोरगा घरी परत आला नाही. त्यानंतर तुमची छाती धडधडायला लागली. म्हशीची धार काढता काढता मध्येच बादली खाली ठेवायचात, भिंतीला टेकायचात. हातापायांना मुंग्या, तोंडाला कोरड. मी घाबरून पाणी आणायची. समाचाराला येणारे लोक लांबलचक प्रार्थना करून जायचे. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि ते गेले की म्हणायचात, “सुनंदे, मला मोठी प्रार्थना जमत न्हाई गं. मधीच विलास येतो.”

आपल्या चर्चच्या तेव्हाच्या पाळकीणबाई शहाण्या होत्या. त्या म्हणाल्या, मोठी नका करू, एवढंच म्हणा, ‘प्रभू येशू, दया कर.’ आठवतं? त्यांनी फक्त शब्द दिले. चाल तुमच्याकडे होतीच. ‘प्रभू येशू’ला श्वास आत, ‘दया कर’ला श्वास बाहेर. वैरण टाकताना, शेण भरताना, भाकरी थापताना तेच चालू. पहिले काही दिवस मला वाटलं, अक्कांच्या डोक्यावर परिणाम झाला. मग माझ्या लक्षात आलं, तुमचं भिंतीला टेकणं कमी झालंय.

मंचरच्या डॉक्टरांचा तो दिवस तर मी मास्तरांना अंगणात उभं करून ऐकवणार आहे. हाताला पट्टा बांधला, प्रेशर बरंच वर गेलेलं. डॉक्टर म्हणाले, जरा बाकावर शांत बसा, पुन्हा बघू. तुम्ही बसलात आणि ओठ हलायला लागले. दुसऱ्यांदा पट्टा बांधला तर काटा खाली. “बाई, काय केलंत?” “काय न्हाई, दया मागत व्हते.” डॉक्टर हसले. म्हणाले, “तुमचा श्वास सावकाश होतो त्याने, छातीला विसावा मिळतो. मागत राहा. पण गोळी चुकवायची नाही.”

आणि तुम्ही एकही गोळी चुकवली नाहीत, हेही मला सांगायचंय. कारण दुसऱ्या बाजूचेही लोक होतेच. आरोग्यसभेला बोलावणारे. गोळ्या सोडा आणि व्यासपीठावर येऊन साक्ष द्या, की प्रभूने पूर्ण बरं केलं. तुम्ही त्यांना काय म्हणालात? “गोळी बी त्याच्याच दयेची हाय. एक घेऊन दुसरी कशाला टाकू?” त्या माणसांची तोंडं बघायला हवी होती. एकाला तुमची प्रार्थना फार कमी वाटत होती, दुसऱ्याला फार जास्त. तुम्ही मात्र दोघांच्या मधून बादली घेऊन गोठ्यात निघून गेलात.

जप म्हणून पहिल्यांदा कुणी टोकलं तेव्हा तुम्ही गोठ्यातच होतात. म्हैस बसलेली, तोंड हलत होतं. तुम्ही तिच्याकडे बोट दाखवलंत. “ही काय करती? रवंथ. एकदा गिळलेलं पुन्यांदा चावती. त्याबिगर तिच्या अंगी लागत न्हाई. रवंथ थांबला का आपुन डॉक्टरला बोलावतो. मी बी तेच करते.” मी तुम्हाला विचारलं होतं, पण किती वेळा म्हणायचं? तुम्ही म्हणालात, “पयल्यांदा तोंड म्हणतं. दुसऱ्यांदा कान ऐकतो. तिसऱ्यांदा कुठं छातीला कळतं.” म्हणून दगडावर तीनदा, अक्का. माझ्या मनाने नाही घातलं.

शेजारची यमुनावहिनी आठवते ना? तिला झोप यायची नाही म्हणून दुपारी तुमच्यापाशी शेंगा फोडायला येऊन बसायची. एकदा भीत भीत म्हणाली, “अक्का, तुमच्या देवाचं मी म्हणलं तर चालंल का?” तुम्ही म्हणालात, “श्वास तुजा, देव तुजा. तुज्या ओझरच्या गणपतीचं नाव घे की. पर सावकाश घे.” हे जर मास्तरांच्या कानावर गेलं असतं, तर तुम्हाला दगड काय, कबरस्तानात जागासुद्धा मिळाली नसती.

तुमच्यावर रागही आहे माझा. ते लोक ओट्यावर बसून तुम्हाला बोलायचे आणि तुम्ही मूग गिळून गप्प. मी आतून भांडी आपटायची. तुम्ही म्हणायचात, “जाऊ दे गं, त्यास्नी म्हणू दे.” का जाऊ द्यायचं? तुम्ही गप्प बसलात म्हणून त्यांना वाटलं, तुम्हाला उत्तर नव्हतं.

काल उत्तर द्यायला मी गेले. चर्चच्या मागच्या खोलीत मीटिंग. सगळे पुरुष, खुर्च्यांवर. मी आणि दादा दाराशी बाकावर. दादा तुमचे मालक, माझे थोरले दीर, त्यांच्यासमोर मी कधी मोठ्याने बोलले नव्हते. मग तुमचंच केलं. श्वास घेतला, सोडला. घेतला, सोडला. तिसऱ्या श्वासाला मी उठून उभी राहिले.

मी विचारलं, “मास्तर, रविवारी भजनात प्रत्येक कडव्याला ध्रुवपद कितीदा म्हणता? तो जप नाही?” एकदोघे खाली बघून हसले. मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणाले, “गाणं वेगळं. आणि एवढी दया मागून शेवटी काय झालं? गेल्याच ना त्या?”

अक्का, मी म्हटलं, “त्या काविळीने गेल्या, मास्तर. दया मागितल्याने कावीळ होत नाही. आणि जायचं तर तुम्हालाही आहे, मलाही आहे. त्या मरू नये म्हणून नव्हत्या म्हणत. पोरगं गेल्यावर रोज सकाळी उठता यावं म्हणून म्हणत होत्या.”

पाळकसाहेब नवे आहेत, तरुण आहेत. त्यांनी दादांकडे बघून विचारलं, “तुमचं काय म्हणणं आहे?” दादा कधी मीटिंगमध्ये बोललेत? टोपी हातात घेऊन उठले.

“मला दगडाचं काय कळत न्हाई,” दादा म्हणाले. “पोरगं गेलं तवापासून मला झोप नव्हती. तिला बी म्हाईत नव्हतं. दुपारी ती उंबऱ्यापाशी तांदूळ निवडीत बसायची, तोंडानं चालू आसायचं. ते ऐकता ऐकता माजा डोळा लागायचा. तेवढीच झोप. ती गेल्यापास्नं ती बी गेली. तुमच्यातलं कुणी येऊन म्हणंल का? तीनदा नगं. एकदाच म्हणा.”

कुणी म्हटलं नाही. मास्तर पंख्याकडे बघत राहिले. पाळकसाहेबांनी डोळे पुसले आणि निर्णय पुढच्या मीटिंगवर ढकलला.

तुम्हाला हे ठाऊक होतं का, अक्का? तुम्ही स्वतःची छाती सांभाळत होतात आणि आतल्या खाटेवर त्यांची पण सांभाळली जात होती. मला तर कालच कळलं. इतकी वर्षं दादांना मी दगड समजत होते.

आज दुपारी जेवणं झाल्यावर मी तांदळाचं सूप घेतलं आणि तुमच्या उंबऱ्याबाहेर बसले. आत दादा खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. मी सुरू केलं. आवाज चिरका लागला, शब्द एकमेकांवर आदळले. आतून दादा म्हणाले, “सावकाश. ती घाई करीत नव्हती.” मी पदराने तोंड पुसलं आणि सावकाश केलं. तांदूळ निवडून झाले. मी ते परत सुपात ओतले आणि पुन्हा निवडायला घेतले. थोड्या वेळाने आतून घोरणं ऐकू आलं. मी तिथेच बसून रडले, पण म्हणायचं थांबले नाही, कारण थांबले असते तर ते जागे झाले असते.

फरशीवाल्याला निरोप धाडलाय, कोरायला घ्या, तीनदाच. एका ओळीचा दगड मी बसू देणार नाही. त्यापेक्षा नुसती माती राहू दे. आणि तुम्हाला शब्द देते, अक्का, ह्या घरात तुमची ओळ बंद पडणार नाही. रविवारी पंचांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणेन, आणि दुपारी दादांना झोप लागेल एवढ्या हळू.

तुमची धाकटी जाऊ,
सुनंदा