झालरीची छत्री

शिकागो,
१९ ऑक्टोबर २०१८

प्रिय क्लोटिल्ड वहिनी,

नमस्कार. इकडे थंडी लवकर पडली आणि माझा गुडघा कुरकुरतोय. चर्चमध्ये नवा पाद्री आलाय. तो प्रवचनाला उभा राहिला की स्वयंपाकघरातलं चिकन गार होईपर्यंत थांबत नाही. बाकी ठीक. तुम्ही कशा आहात, असं विचारायला मला तोंड नाही, तरी विचारते.

लायनसला, माझ्या भावाला, मातीत ठेवून उद्या तीन आठवडे होतील. तुमच्या न्यू ऑर्लिन्सचा धक्का मात्र माझ्या अंगातून अजून उतरलेला नाही. आपण काळी माणसं इथूनतिथून सारखीच, असं मी सदुसष्ट वर्षं धरून चालले होते. विमानतळावर उतरले तर टॅक्सीवाला म्हणतो, “कुठे सोडू, बाळा?” फुलवाली म्हणते, “बाळा, पांढरी देऊ की पिवळी?” माझ्या नातवाच्या वयाचा पोलीससुद्धा बाळा! शिकागोत अनोळखी माणूस इतक्या लाडात आला तर मी पर्स छातीशी धरते. तुमच्या गल्लीतून जाताना ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला नमस्कार करायचा. एकाला विसरले, तर तो मागून ओरडला, “काय हो आजी, आम्ही दिसत नाही का?” पोचले तो सोमवार होता. ज्या घरी जावं तिथे सोमवारचा म्हणून लाल घेवडा आणि भात. तीन घरी जेवले आणि तिन्ही घरी तेच पान!

डेट्रॉइटच्या आमच्या मावसबहिणीला फोनवर हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, “तुझं शिकागो तरी काय मोठं सांगतेस? बशीभर तळलेल्या माशासोबत शेवया खाणारी माणसं तुम्ही! आमच्याकडे मयताचे बूटसुद्धा टोपीच्या रंगाचे लागतात.” मी हसले. त्या आठवड्यात तेवढंच एकदा हसले.

आता शनिवारचं लिहायलाच हवं.

सकाळी तुम्ही माझ्या हातात ती छत्री दिलीत. जांभळं साटिन, कडेनं पांढरी झालर, वर पिसं. म्हणालात, “ही तुमच्याकडे, नणंदबाई.” मी खिडकीतून आभाळ पाहिलं. पावसाचं नाव नव्हतं. भावाच्या मयताला पिसांची छत्री धरायची, या कल्पनेनंच माझ्या अंगावर काटा आला. तुमचं लक्ष नाही असं पाहून मी ती गाडीच्या सीटखाली सारली.

चर्चमधून निघताना बँडनं जे संथ वाजवलं, ते मला आवडलं. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं पाऊल. मी रडले आणि मोकळी झाले. पण चौकात मयताची गाडी पुढे निघायची वेळ आली, आणि बँडच्या पुढे चालणाऱ्या म्हाताऱ्या सिल्वानबाबांनी ट्रम्पेट आभाळाकडे केलं. ढोल कडाडला. रुमाल निघाले. एक बाई तर दुसऱ्याच्या मोटारीवर चढून नाचायला लागली. आणि वहिनी, तुम्ही. नवरा अजून डोळ्यांआड झाला नव्हता, आणि तुम्ही काळ्या कपड्यांत, डोळे मिटून, रुमाल फिरवत नाचत होतात.

मी ढोलासमोर जाऊन पांढरा हातमोजा घातलेला हात वर केला. आमच्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना उशिरा येणाऱ्याला दाराशी अडवतात ना, तसा. चाळीस वर्षं मी दारावर उभी राहतेय, त्या हाताला सवय आहे. ओरडले, “बंद करा! माझा भाऊ मेलाय, वरात नाही ही!”

सगळं थांबलं. गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा फक्त इंजिनाचा आवाज होता.

मला वाटलं होतं, कुणीतरी भांडेल. कुणी भांडलं नाही. सिल्वानबाबांनी टोपी काढली आणि हळूच म्हणाले, “ताई, गाडी जाताना आम्ही वाजवतो, ते त्याला मोकळं करायला. तुम्ही मधेच तोडलंत. आता तो कसा जाईल?” मी मनात म्हटलं, अडाणी समजूत.

विमानतळावर तुम्ही ती छत्री माझ्या बॅगेत खोचलीत आणि एवढंच म्हणालात, “ती त्यानंच निवडली होती. शेवटच्या आठवड्यात. म्हणाला, ही धरून बँडच्या पुढे माझी डेला चालेल.”

वहिनी, मी विमानात पाणीसुद्धा प्यायले नाही.

कारण एक गोष्ट त्यानं तुम्हाला सांगितली की नाही, मला माहीत नाही. अकरा वर्षांपूर्वी आमची आई गेली, तेव्हा तो एकटाच आला होता. मला म्हणाला, “डेला, एक बँड बोलावू या. निदान एक ट्रम्पेट.” मी म्हटलं, “तुझी थेरं तुझ्या गावात.” आईला गाडीत ठेवल्यावर तो बर्फ सारलेल्या फुटपाथवर एकटा नाचायला लागला. संगीत नाही, काही नाही. फक्त रुमाल. आमच्या चर्चच्या बायका तोंडावर हात ठेवून बघत होत्या. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. तो परत आत यायला निघाला, तेव्हा मी दारात तोच हात वर केला आणि दार लावून घेतलं. खाली चर्चच्या तळघरात सगळे जेवले. आईचा मुलगा जेवला नाही. पुन्हा तो शिकागोला आला नाही, आणि मीही कधी बोलावलं नाही. तुम्ही चौकात नाचलात ना, ते हुबेहूब त्याच्यासारखं होतं. मी तुम्हाला अडवलं नाही. मी त्यालाच दुसऱ्यांदा अडवलं.

आणि त्यानं माझ्यासाठी छत्री निवडून ठेवली होती! मला हे झेपत नाही.

रविवारी मी ती स्वयंपाकघरात उघडली. तुमची ती पावलं टाकून पाहिली. जमत नाहीत. आम्ही इथे हॉलमध्ये जोडीनं नाचतो, गुळगुळीत, घसरत, केसही न विस्कटता. खालच्या मजल्यावरची मिसेस पिकेट झाडूनं छत ठोकायला लागली, तेव्हा थांबले.

नोव्हेंबरात लायनसच्या क्लबची बँडसह मिरवणूक निघते, आणि त्या वर्षी गेलेल्याच्या घरासमोर ती थांबते, असं तुम्ही म्हणाला होतात. सिल्वानबाबांना विचाराल का? मी जिथे तोडलं, तिथून पुढे वाजवतील का? मला येऊ दिलंत तर छत्री घेऊन मी पुढे चालेन. वेडीवाकडी चालेन, लोक हसले तर हसू देत. हातमोजे घरी ठेवून येईन.

आणि मी नको असेन, तर तसं कळवा. छत्री पोस्टानं पाठवते, तुम्हाला योग्य वाटेल तिच्या हातात द्या. पण माझ्यावरच्या रागापायी त्याला अर्ध्या वाटेत ठेवू नका.

तुमच्या दाराबाहेर उभी,
डेला